पुढची .२२ कुठली घ्यायची? टिक्का, सीझेड, ब्राउनिंग सगळं बघून शेवटी जुनी मार्लिन ३९ए

आधीच सांगतो, गरज अशी काही नव्हती. घरात रुगर १०/२२ आहे, सॅव्हेज मार्क टू आहे, दोन्ही व्यवस्थित चालतात, आणि बायकोने "आता तिसरी कशाला, दोन हातच आहेत ना तुला" असा साधा सरळ प्रश्न विचारला त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाहीये. पण ओहायोमधला हिवाळा मोठा असतो, संध्याकाळी साडेपाचला अंधार, माणूस रायफलींचे फोटो बघत बसतो आणि मग एक दिवस कळतं की आपण बघत नाही आहोत, निवडतोय.

तर हा रिव्ह्यू आहे मार्लिन ३९ए चा, जुनी, सेकंड हँड. पण मी बाकीच्या चार का नाही घेतल्या ते सांगितल्याशिवाय ही का घेतली ते कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावतोय, चहा घेऊन बसा.

.२२ म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीची गोळी उडवणारी रायफल, आणि तिचं काडतूस रिमफायर असतं. रिमफायर म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोठ्या काडतुसांना मागे मधोमध वेगळा प्रायमर असतो, .२२ ला तो नसतो, पेटणारा मसाला काडतुसाच्या मागच्या कडेच्या आत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेचते. म्हणून कड पातळ ठेवावी लागते, म्हणून जास्त प्रेशर झेपत नाही, म्हणून गोळी हळू आणि धक्का जवळजवळ शून्य. एकदा उडवलं की काडतूस फेकायचं, घरी परत भरता येत नाही. ज्यांनी शाळा-कॉलेजात एनसीसी केलीय त्यांनी ही उडवलीय, आपली ती "पॉइंट टू टू डिलक्स", २५ यार्डावर झोपून, आणि मागून उस्ताद ओरडतोय "सांस रोक के". .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं आहे, आणि आजही जगात सगळ्यात जास्त उडवलं जाणारं हेच. पन्नासचा डबा सगळ्यात स्वस्त, दिवसभर उडवा, खांदा दुखत नाही, शेजारी वैतागत नाहीत. कलेक्शन करायचं तर .२२ चं करावं असं माझं मत आहे, मोठ्या बोअरच्या रायफली लोक तिजोरीत ठेवतात, .२२ लोक वापरतात.

आता माझी अट. मी एकच अट ठेवली होती, की नवीन येणाऱ्या रायफलीने हाताला असं काहीतरी करायला लावलं पाहिजे जे आधीच्या दोघी करत नाहीत. रुगर सेमी ऑटो आहे, चाप ओढत राहायचा. सॅव्हेज बोल्ट आहे, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा मागेपुढे करायचा, जाड नळी, वर स्कोप, बेंचवर ठेवून कागदाला भोकं पाडायची. मग तिसरी पण बोल्ट आणि स्कोपवाली घेतली तर ते कलेक्शन नाही, ती एकाच वस्तूची जरा महाग आवृत्ती आहे. हे म्हणायला सोपं आहे हो, दुकानात टिक्काचा बोल्ट एकदा मागेपुढे केला की सगळी तत्त्वं गळून पडतात.

टिक्का टी१एक्स. फिनलंडची, साकोच्या कारखान्यातली, २०१८ ला आली. हिच्याबद्दल वाईट काही सांगायला मी खूप शोधलं. बोल्ट लोण्यासारखा वगैरे लिहिणार होतो पण ते सगळेच लिहितात, एवढंच सांगतो की बोल्ट उचलायचा कोन लहान आहे आणि चालवताना कुठे अडखळत नाही. ट्रिगर सुटताना आधी काही सरकत नाही, एकदम तुटतो. टी३एक्स या मोठ्या रायफलीचे स्टॉक, म्हणजे दस्ते, हिला बसतात, मॅगझिन दहाचं, नळी चांगली. जी माणसं एनआरएल२२ सारख्या मॅचेस खेळतात, म्हणजे शिडीवर टेकून, बॅरिकेडवरून, १०० यार्डापर्यंत, त्यांनी डोळे झाकून घ्यावी. पण ओपन साइट, म्हणजे स्कोपशिवाय नेम धरायची खाच आणि मणी, नाहीत, स्टॉक प्लास्टिकचा, आणि मला ती हातात घेतल्यावर चांगल्या ऑफिसच्या लॅपटॉपसारखी वाटली, काम उत्तम करेल, निवृत्त झाल्यावर आठवण येणार नाही. आणि मुख्य म्हणजे सॅव्हेजचंच काम, जास्त चांगलं. अटीत बसत नाही. पुढे चला.

सीझेड ४५७ लक्स. हिच्यावर मी खूप दिवस अडकलो होतो आणि खरं सांगायचं तर ज्याच्याकडे एकही .२२ नाहीये त्याने बाकी काही वाचू नये, सरळ ही घ्यावी. चेक रिपब्लिकमधल्या उहेर्स्की ब्रोदची. हिचं मूळ घराणं ब्रनोच्या जुन्या .२२ पर्यंत जातं, आपल्याकडे जुन्या लायसन्सवाल्यांच्या घरी, विशेषतः शेतीवाडीवाल्यांकडे, जी "ब्रनो" म्हणून जपून ठेवलेली असायची तीच लाइन. मग ४५२ आली, ४५५ आली, आणि २०१९ पासून ४५७. यात त्यांनी बोल्टचा कोन कमी करून ६० डिग्री केला, त्यामुळे स्कोप खाली बसवता येतो, ट्रिगर सगळ्या बाजूने अॅडजस्ट होतो, नळी घरच्या घरी बदलता येते, आज .२२ उद्या .१७ एचएमआर, म्हणजे आणखी बारीक आणि वेगवान काडतूस. आणि सेफ्टी एकदाची बाकी जगासारखी केली, पुढे ढकलली की फायर. ४५२ मध्ये ते उलटं होतं आणि ज्याच्याकडे ४५२ आणि दुसरी कुठलीही रायफल अशा दोन्ही आहेत त्याला विचारा किती डोकं फिरतं ते.

लक्स मध्ये अक्रोडाचा स्टॉक, मागून जरा कुबड काढल्यासारखा, तो मुद्दाम तसा असतो कारण गाल ओपन साइटच्या उंचीला बसतो. स्कोप लावलात तर गाल हवेत. म्हणजे लक्स ही मुळात स्कोपशिवाय उडवायची रायफल आहे आणि अमेरिकेत लोक ती घेतात, पहिल्या आठवड्यात स्कोप लावतात आणि मग स्टॉकला नावं ठेवतात. स्कोपच लावायचा तर ४५७ अमेरिकन घ्या, तिचा स्टॉक सरळ आहे. आणि कागदावर एकाच भोकात गोळ्या घालायची खाज असेल तर ४५७ एमटीआर, तिचा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मॅचचा, घट्ट. या सगळ्या पाच-सातशे डॉलरच्या आसपास फिरतात, मॉडेलवर आहे. मी लक्स जवळजवळ घेतलीच होती. पण परत, बोल्ट. हात तेच करणार.

ब्राउनिंग एसए-२२. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, १९१४ पासून बनतेय, आधी बेल्जियममध्ये, सत्तरच्या दशकापासून जपानमध्ये मिरोकू कंपनीकडे. सेमी ऑटो आहे पण बाकी कशाशीच साम्य नाही, गोळ्या दस्त्यातून आत जातात, रिकामी काडतुसं खालून पडतात, आणि नळी एक झटका देऊन वेगळी करून सगळं बॅगेत. पाच पाउंडाच्या आसपास वजन. दिसायला या यादीतली सगळ्यात देखणी, यात वाद नाही. माझा प्रॉब्लेम एवढाच की रिकामी काडतुसं खाली पडतात म्हणजे उभं राहून उडवताना कधीकधी बाहीत गरम पितळ शिरू शकतं, आणि दुसरं म्हणजे ती इतकी नाजूक सुंदर आहे की मी ती रेंजवर चिखलात नेली नसती. भिंतीवरची रायफल मला नको होती. शिवाय सेमी ऑटो रुगर आहेच. १०/२२ बद्दल इथे वेगळं लिहीत नाही, १९६४ पासून लाखोंनी विकली गेलीय, तिचे पार्ट किराणा दुकानात मिळतील इतके मिळतात, प्रत्येकाकडे असते किंवा असायला हवी.

.१७ एचएमआर चा पण विचार झाला. हॉर्नडीने २००२ ला आणलेलं काडतूस, १७ ग्रेनची (साधारण १.१ ग्रॅम) चिमुकली गोळी, सेकंदाला २५०० फुटांच्या वर वेग, १५० यार्डावर पण सरळ जाते. पण गोळी महाग, .२२ च्या कितीतरी पट, आणि माझी शिकार म्हणजे कागद आणि लोखंडी प्लेटा. ज्याच्या शेतात ग्राउंडहॉग बिळं करतात त्याने जरूर घ्यावी.

मग राहिली लिव्हर. लिव्हर अॅक्शन म्हणजे काउबॉय पिक्चरमध्ये दिसते ती, चापाखालची कडी खाली-वर करून पुढची गोळी चढवायची. अट पूर्ण. हाताला एकदम नवीन काम.

नवीन लिव्हर .२२ म्हटलं की हेन्री एच००१ येते आणि ती वाईट अजिबात नाही. चारशेच्या आसपास मिळते, १५ गोळ्या मावतात, लिव्हर इतकी हलकी फिरते की पहिल्यांदा हसूच येतं. पोराला शिकवायला, सुट्टीत तळ्यावर डबे उडवायला, यासारखी दुसरी नाही. फक्त रिसीव्हरचं, म्हणजे यंत्रणा बसते त्या मधल्या भागाचं, वरचं कव्हर स्टीलचं नाही, झिंकच्या मिश्रधातूचं आहे, काळा रंग दिलेला. चालतं, टिकतं, लोकांच्या हजारो गोळ्या झाल्यात त्यातून. पण कलेक्शनमध्ये ठेवायची तर मला स्टील आणि अक्रोड हवं होतं, हा हट्ट आहे, तर्क नाही, मान्य.

आणि आता मार्लिन.

मार्लिन ३९ए नवीन मिळत नाही, मिळवायची म्हणजे जुनी शोधायची. हिचं घराणं १८९१ पासूनचं. तेव्हा मार्लिनने आपली पहिली .२२ लिव्हर काढली, अॅनी ओकली, ती बफेलो बिलच्या खेळातली निशाणेबाज बाई, मार्लिनच्या .२२ वापरायची. मग १८९२, १८९७ अशी मॉडेलं बदलत १९२० च्या दशकात मॉडेल ३९ झाली, १९३९ ला ३९ए, आणि तिथून मूळ गाभा फारसा न बदलता बनत राहिली. २००७ ला रेमिंग्टनने मार्लिन घेतली, कनेक्टिकटमधला नॉर्थ हेवनचा कारखाना २०११ ला बंद केला, जुनी माणसं गेली, जुनी यंत्रं हलवली, आणि त्यानंतरच्या मार्लिनांना लोक कुत्सितपणे "रेमलिन" म्हणायला लागले. २०२० ला रेमिंग्टनचं दिवाळं निघालं तेव्हा रुगरने मार्लिन उचलली आणि आता नॉर्थ कॅरोलायनात मोठ्या बोअरच्या लिव्हर पुन्हा चांगल्या बनतायत असं सगळे म्हणतात. पण ३९ए साठी बाजारात जे आहे ते जुनंच, आणि जुन्यात लोक शोधतात नळीवरचा "जेएम" शिक्का. जेएम म्हणजे जॉन मार्लिन, संस्थापक. नळीच्या मुळाशी, रिसीव्हरजवळ छोट्या गोलात असतो. तो असला की रायफल जुन्या कारखान्यातली.

वर्ष ओळखायची एक गंमत आहे. साधारण १९७३ पासून २००० पर्यंतच्या मार्लिनचे सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे, येईल ते वर्ष. २४ ने सुरू होत असेल तर ७६. दुकानदाराने "साठच्या दशकातली आहे" म्हणून भाव वाढवला तर मनातल्या मनात वजाबाकी करायची. आणि १९६८ च्या आधीच्या बऱ्याच .२२ वर, कुठल्याही कंपनीच्या, सीरियल नंबरच सापडणार नाही, घाबरू नका, तेव्हा .२२ ला नंबर घालायची सक्तीच नव्हती, गन कंट्रोल अॅक्ट आल्यावर ती आली. नंबर खरवडून काढलेला असेल तर मात्र हातही लावू नका, तो गुन्हा आहे.

माझी सत्तरच्या दशकातली आहे. एका छोट्या गावातल्या दुकानात मिळाली, दुकान कसलं, पुढे मासे पकडायचं सामान, गळ, रबरी बूट, जिवंत किडे असलेला फ्रिज, आणि मागच्या भिंतीवर जुन्या रायफली. मालक म्हातारा, बोलायला कमी. मी बाकी काय काय बघितलं ते सांगत होतो तर त्याने ऐकलं, आत गेला, ही घेऊन आला, लिव्हर उघडून चेंबर रिकामा दाखवला आणि माझ्या हातात दिली, काही बोलला नाही. विकायची ही पद्धत फार डेंजर आहे.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन. साडेसहा पाउंड, २४ इंच नळी, म्हणजे ही लहान मुलांची .२२ नाही, मोठ्या माणसाची रायफल आहे जिच्यात .२२ ची गोळी जाते. रिसीव्हर घडीव स्टीलचा. अमेरिकन काळा अक्रोड, दस्त्याच्या खालच्या कडेला तो मार्लिनचा काळा-पांढरा गोल डोळा. चाप सोनेरी, तो मला आधी भडक वाटायचा, लग्नातल्या फेट्यावरच्या ब्रोचसारखा, आता सवय झाली. रिसीव्हर वरून बंद आहे, काडतुसं उजवीकडून उडतात, त्यामुळे स्कोप लावायचा असेल तर लावता येतो. मी लावणार नाही.

लिव्हर हेन्रीइतकी गुळगुळीत नाही. हे स्पष्ट सांगतो कारण जुन्या मार्लिनबद्दल लोक देवाधर्माचं बोलल्यासारखं बोलतात. हेन्री जास्त हलकी चालते. मार्लिनमध्ये स्टील स्टीलवर घासतंय ते कळतं, थोडा जोर लागतो, आणि शेवटी कट् करून बंद होते तेव्हा बंद झाली याची शंका राहत नाही. हळू हळू, घाबरत घाबरत फिरवली तर अडखळते. पूर्ण खाली, पूर्ण वर, बिनधास्त. नवीन माणूस इथेच चुकतो, तो नाजूकपणे चालवायला जातो.

गोळ्या भरायला नळीखाली दुसरी नळी. पुढून आतली पितळी ट्यूब फिरवून वर ओढायची, गोळीच्या आकाराच्या खाचेतून एकेक गोळी टाकायची, ट्यूब परत खाली. १९ लाँग रायफल मावतात. किंवा शॉर्ट घाला, २६ मावतात, आणि हे महत्त्वाचं आहे, शॉर्ट, लाँग, लाँग रायफल तिन्ही चालतात, सेमी ऑटोला हे जमत नाही कारण तिला बोल्ट मागे ढकलायला ठरावीक जोर लागतो, इथे जोर तुमच्या हाताचा आहे. .२२ शॉर्ट म्हणजे १८५७ चं काडतूस, स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरबरोबर आलेलं, आणि ते आजही दुकानात मिळतं. लांब नळीतून शॉर्ट उडवली की आवाज पुस्तक आपटल्याएवढा. मात्र ट्यूब भरणं हळूचं काम आहे, थंडीत बोटं बधिर असताना तर शिव्या येतात, आणि भरताना तोंड किंवा हात नळीच्या समोर आणायचा नाही हे स्वतःला दर वेळी सांगायचं. रिकामी करताना पण ट्यूब काढली म्हणजे झालं असं नाही, एखादी गोळी कॅरिअरवर, म्हणजे गोळी वर उचलणाऱ्या भागावर, बसलेली असते, लिव्हर दोन-तीनदा फिरवून डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं.

आणि मग ती स्क्रू. रिसीव्हरच्या उजव्या बाजूला एक मोठी खाचेवाली स्क्रू आहे, घोडा मागे घ्यायचा, ती स्क्रू नाण्याने सैल करून बोटांनी काढायची, दस्त्यावर तळहाताने एक थाप, आणि रायफल दोन तुकड्यांत. बोल्ट हातात येतो. याचा फायदा प्रवासात किती होतो माहीत नाही पण साफ करताना भरपूर होतो, बाकी बहुतेक लिव्हरच्या नळीत ब्रश पुढच्या तोंडातून घालावा लागतो आणि तिथली कड झिजली की नेम गेला, इथे मागून, चेंबरकडून, सरळ दिसतं. .२२ च्या गोळीला बाहेरून मेण किंवा ग्रीस असतं, ते आणि शिसं आणि जळका कार्बन चेंबरच्या तोंडाशी जमत राहतो, सारखं घासायची गरज नाही पण चेंबर स्वच्छ ठेवलेला बरा. फक्त उघडल्यावर इजेक्टरची, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणारी, पट्टी सांभाळायची, ती वाकली किंवा तिची स्प्रिंग गेली तर काडतुसं आतच नाचतात, आणि जुन्या ३९ए मध्ये सगळ्यात जास्त दुखणं तिथलंच असतं.

त्यामुळे कोणाला सेकंड हँड घ्यायची असेल तर हे बघा: ती मोठी स्क्रू काढायला सांगा, नाही म्हणाला तर निघा. दोन अर्ध्या भागांमधली फट डोळ्यासमोर प्रकाशात धरा, केसाएवढी ठीक, नखाएवढी नको. स्क्रूंची डोकी पान्याने फाटलीयत का, म्हणजे आधी कोणीतरी घरी प्रयोग केलेत. आतली पितळी ट्यूब वाकलेली किंवा चेपलेली नको, गोळ्या अडकतात. दस्ता जिथे मनगटासारखा बारीक होतो तिथे चीर असते ती दिसत नाही, बोटाने दाबून बघा. नळीत टॉर्च मारा, हिची रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा, "मायक्रो-ग्रूव्ह" आहे, म्हणजे बाकीच्यांसारख्या सहा खोल खाचा नाहीत, सोळा उथळ खाचा, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला नळी झिजल्यासारखी वाटते, तशी ती नसते. १९८८ पासूनच्या रायफलींना रिसीव्हरमध्ये आडवी बटणाची सेफ्टी आहे, शौकीन तिला नाकं मुरडतात आणि म्हणून त्या जरा स्वस्त मिळतात, वापरायची असेल तर तीच घ्या, काही बिघडत नाही. भाव सातशेपासून बाराशेपर्यंत बघितले, कंडिशनवर, मी मधे कुठेतरी दिले.

नेम कसा. टिक्कासमोर ठेवू नका, उगाच मन दुखेल. चांगल्या गोळीने चांगली टिक्का किंवा सीझेड ५० यार्डावर सगळ्या गोळ्या अर्ध्या-पाऊण इंचात घालते. माझी मार्लिन ओपन साइटने, पिशवीवर टेकवून, ५० यार्डावर साधारण दीड इंच, आणि त्यातलं अर्ध श्रेय-अपश्रेय माझ्या चाळिशीच्या डोळ्यांचं. चाप थोडा जड आहे पण स्वच्छ सुटतो. गोळ्यांमध्ये सीसीआयची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेन, सेकंदाला १०७० फूट, हिला सगळ्यात आवडते. का? आवाजाचा वेग साधारण ११२५ फूट आहे, त्याच्यावरून निघून खाली येणारी गोळी वाटेत डगमगते, ही निघतेच खालून. सीसीआयचीच मिनी-मॅग १२३५ ने निघते, ती पण चांगली चालते पण कागदावर जरा पसरते. महाग जर्मन-इंग्लिश मॅच गोळ्या हिला घालणं म्हणजे हौस. प्रत्येक .२२ ची आवड वेगळी असते, एकाच कारखान्याच्या पाठोपाठच्या दोन रायफलींची पण, त्यामुळे चार प्रकारचे डबे आणून बघायचं, दुसरा उपाय नाही. आणि आवडली की पाचशेची वीट, म्हणजे पाचशे गोळ्यांचा मोठा डबा, घेऊन ठेवायची, २०१३ ला आणि परत २०२०-२१ ला इथे .२२ दुकानांतून गायब झाली होती, लोक सकाळी रांगेत उभे.

कोल्हापुरात माझा मेव्हणा आहे. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून हा पन्नास मीटरचा तज्ज्ञ झालाय. फोटो पाठवला तर म्हणतो "भावा, ही तर पिक्चरातली बंदूक, मॅचची घ्यायचीस की". त्याला सांगितलं की बाबा, ती पण .२२ च असते आणि ही पण .२२ च, पण त्यांच्या टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलीमीटरचा असतो, ५० मीटरवर, त्यासाठी लागणारी आन्शुत्झ किंवा वाल्थर म्हणजे वेगळं जग, वेगळं बजेट आणि मुख्य म्हणजे वेगळा माणूस. तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून उडवायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली ती याच पॉइंट टू टू वर. कोल्हापूरला हे कौतुक शोभतं. मग त्याने विचारलं की भारतात अशा दोन-तीन ठेवता येतील का. नाही रे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या लायसन्सवर कमाल दोनच, आधी तीन होत्या, खेळाडूंचं वेगळं. कलेक्शन हा प्रकार तिकडे जवळजवळ संपलाच.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक, कारण हे दर वेळी कोणीतरी विचारतं: एच-वन, एफ-वन वगैरे व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक घेता येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात आणि खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. इमिग्रेशनची फाइल चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, रायफल कुठे पळून जात नाही. मित्राची रेंजवर उडवू का, हा प्रश्न पण त्याच वकिलाला.

आता हिचं करायचं काय. आमच्या राज्यातच लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरी आहे, १९०७ पासून नॅशनल मॅचेस तिथे होतात, आणि जुलैमध्ये तिथे रिमफायर स्पोर्टर नावाची मॅच असते जी मला फार आवडते कारण तिथे पैशाने जिंकता येत नाही. रायफल साडेसात पाउंडाच्या आत हवी, ट्रिगर तीन पाउंडाच्या खाली नको, जॅकेट-बिकेटचा थाट नाही, ५० आणि २५ यार्डावर झोपून, बसून, उभं राहून. आजोबा-नातवंडं शेजारी शेजारी. ओपन साइटवाल्यांचा वेगळा क्लास. रॅपिड फायरला सेमी ऑटोला पाच गोळ्यांसाठी २५ सेकंद, हाताने चालवायच्या रायफलींना ३०. पाच सेकंद जास्त म्हणजे मेहेरबानी वाटते, पण झोपून लिव्हर चालवायची म्हणजे कडी जमिनीला आपटते, रायफल आडवी करून फिरवावी लागते, नेम हलतो, परत बसवायचा. तिथे रुगरवाले आणि बोल्टवाले माझ्यापुढे जाणार हे उघड आहे. उभं राहून मात्र ही लांब नळी आणि पुढचं वजन इतकं स्थिर धरतं की रुगर खेळणं वाटते, रुगर माझ्या हातात वाऱ्यावर डोलते, ही डोलली तरी सावकाश डोलते आणि चाप ओढायला वेळ मिळतो. लेकवरून वारा येतोच येतो तिथे.

मागची साइट मात्र बदलणार. कारखान्याची मागची साइट नळीवर बसते, डोळ्याजवळ नाही, आणि चाळिशीनंतर ती खाच धूसर दिसते, पुढचा मणी दिसतो तर खाच जाते, खाच बघावी तर मणी जातो. या रिसीव्हरला पीप साइटसाठी, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकातून बघायच्या साइटसाठी, भोकं आधीच पाडलेली असतात, विल्यम्सची किंवा स्किनरची थेट बसते, काही कापायला-ड्रिल करायला लागत नाही. स्किनरची मागवलीय, पितळेची. बायकोला ती दुरुस्तीचा खर्च म्हणून सांगितलीय.